बिघडलेलं नाक आणि ज्वारीच्या कण्या

अख्खं भगोणंभर आमटी मी कँटीनमागच्या मोरीत ओतायला लावली, कारण तिला टायर जाळल्यासारखा वास येत होता. तो वास फक्त मला येत होता. भांडी घासणाऱ्या दोघी बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. आमचा आचारी उत्तर प्रदेशाकडचा आहे, त्याला सगळे महाराज म्हणतात. तो हातात झारा घेऊन मोरीपर्यंत माझ्या मागे आला.

"मॅडमजी, दाल एकदम ठीक है. लहसुन भी आज का है. आप एक बार और सूंघो ना."

"सूंघके ही बोल रही हूँ. फेको."

त्याने ओतली. गरम आमटीची वाफ मोरीतून वर आली आणि मला तिथेच ओकारी आली. त्या दुपारी पहिल्या शिफ्टच्या कामगारांनी भाताबरोबर सकाळच्या उसळीचा उरलेला रस्सा खाल्ला. एक बिहारी पोरगा ताट पुढे करून म्हणाला, "मावशी, आज दाल छुट्टी पे गई क्या?" रांगेतले सगळे हसले. मी हसले नाही. ओठ मिटून उभी होते, कारण तोंड उघडलं असतं तर वास आत गेला असता.

सणसवाडीतल्या एका कारखान्याचं कँटीन एका ठेकेदाराकडे आहे आणि ते चालवते मी. भाजी, किराणा, बायकांच्या पाळ्या, स्वच्छता, सगळं माझ्याकडे. पण ठेकेदार मला पगार देतो तो मुख्यतः एका कामासाठी. प्रत्येक पदार्थ आधी मी खाऊन बघायचा आणि मी हो म्हटल्याशिवाय काउंटर उघडायचं नाही. इतकी वर्षं हे काम मी विचारसुद्धा न करता केलं. मीठ कमी, तेल जुनं, बटाटा कच्चा. वाटी तोंडाला लावायची, सांगायचं, पुढच्या भांड्याकडे जायचं.

मग ताप आला. चार दिवस अंगावर काढला, उतरला, आणि वास गेला. काहीच वास येईना, तोपर्यंत ठीक होतं. उलट कँटीनच्या मोरीजवळ उभं राहणं सोपं झालं होतं. काही आठवड्यांनी वास परत आला, पण धडपणे आला नाही. कांदा परतला की मेलेल्या घुशीचा. कॉफीला पेट्रोलचा. कोंबडी, अंडं, लसूण, तळणीचं तेल, सगळ्यांना एकच कुजका, जळका, किंचित गोडसर वास. टूथपेस्टला तोच. नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाला तोच. त्याला मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला डोकं करून झोपायला सांगितलं, तर तो म्हणाला, "आणि माझ्या पायांचा वास चालतो तुला?" खरं सांगते, चालत होता. पायांना वासच नव्हता.

शिरूरच्या डॉक्टरांनी घसा बघितला, नाकात बॅटरी मारली आणि म्हणाले, तापानंतर होतं असं काहींना. नाकातल्या तारा पुन्हा जुळतायत, पण चुकीच्या जुळतायत. महिने लागतील. कदाचित वर्ष. तोपर्यंत गार आणि बेचव खा.

"डॉक्टर, मी कँटीनमध्ये चव बघायचं काम करते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग सध्या दुसरं काहीतरी बघा."

एक्कावन्नाव्या वर्षी दुसरं काय बघणार? शिक्षण बारावी. नवरा रिक्षा चालवतो, ती चालेल तेवढी चालते. या वयात मला घ्यायला कोणी बसलेलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून कोणाला काही बोलले नाही. महाराजाला सांगितलं की सर्दी आहे.

घरात लपवता येण्यासारखं नव्हतं. सासूबाईंनी फोडणी टाकली की मी पदर तोंडाला लावून अंगणात पळायचे. त्या ऐंशीच्या घरात आहेत, कान गेलेत, डोळे तल्लख. एक दिवस शेजारीण बसलेली असताना मोठ्यांदा म्हणाल्या, "पन्नाशीत डोहाळे लागले व्हय गं तुला? सांग तरी, कैऱ्या आणायच्या का?"

शेजारीण हसून हसून आडवी झाली. मी आत येऊन केळं खाल्लं. केळं आणि दही, त्यावर दिवस चालले होते. ब्लाउज ढगळ झाले. आरशात बघितलं की गालाची हाडं आधी दिसायची.

अशा अवस्थेत मी माहेरी गेले. माहेर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठापासून थोडं आत. भावाने आता ऊस केलाय, घराला फरशी बसवलीय, पण आई राहते मागच्या जुन्या खोलीत. तिला फरशी गार लागते म्हणते. वहिनीने माझ्यासाठी कोंबडी केली होती, मनापासून केली होती. मी उंबऱ्यात पाय टाकला आणि तो वास आला. चप्पल न घालताच मागे वळले आणि शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन ओकले. वहिनी तांब्या घेऊन धावत आली. तिचं तोंड एवढंसं झालं. तिला समजावायला तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती.

मागच्या खोलीत वास नव्हता. आई जमिनीवर बसून पितळीत काहीतरी खात होती. पांढरट, गार, त्यावर ताक. दात गेल्यापासून ती एवढंच खाते. ज्वारीच्या कण्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी ओलवायची, उखळात सडायची, जाडसर भरडायची, पाखडायची आणि मिठाच्या पाण्यात गरगटा होईपर्यंत शिजवायची. भात विकत आणावा लागायचा तेव्हा आमच्या घरी हा भात होता. सणाला तांदूळ, एरवी कण्या. दौंडच्या शाळेत गेले तेव्हा डब्यात ताक-कण्या असायच्या. वर्गातल्या बऱ्याच मुली रेल्वेच्या क्वार्टर्समधल्या. त्यांच्या डब्यात पोळीची गुंडाळी, कधी ब्रेड आणि जॅम. एकीने माझ्या डब्यात वाकून बघितलं आणि इतरांना ओरडून सांगितलं, "ए, हिने पिल्लांचं खाणं आणलंय!" यात खोटं काही नव्हतं. कोंबडीच्या पिल्लांना आम्ही कण्याच टाकायचो. दुसऱ्या दिवसापासून मी डबा नेला नाही. घरी येऊन चपाती हवी म्हणून रडले. आईने एक चापट दिली आणि गहू आणला, दोन्ही केलं. तेव्हापासून कण्या तोंडाला लावल्या नव्हत्या. लग्नानंतर तर शब्दही उच्चारला नव्हता. शिरूरला आमच्याकडे बासमतीचा तुकडा येतो.

"खातीस का?" आईने विचारलं.

मी पितळी ओढली आणि बोटांनी खाल्लं. गार, ओलं, किंचित आंबट. घूस नाही, टायर नाही, काहीच नाही. संपवलं आणि पातेल्यातलं अजून घेतलं. कितीतरी दिवसांनी पोटात काही टिकलं.

"बघ," आई म्हणाली, "तवा नाक मुरडत व्हतीस. आता कसं गोड लागलं?"

"गोड न्हाई लागलं. वास येत न्हाई, एवढंच."

"तेच की. गोड म्हंजी आन् काय असतं?"

"आई, हे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय."

"मग पुठ्ठा खाऊन दोन पितळ्या कशा रिकाम्या झाल्या?"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण मी सांगते ते खरं आहे. हल्ली महामार्गावरच्या हॉटेलांत मातीच्या वाडग्यात बालपणीची चव विकतात, लोक गाड्या थांबवून तिचे फोटो काढतात, आणि माझ्याच मैत्रिणी डोळे मिटून ‘अहाहा’ करतात. मला तसं काही झालं नाही. डोळ्यांत पाणी आलं नाही, जुनी चूल आठवली नाही. मला भूक लागली होती आणि जगात एवढी एकच वस्तू सडकी लागत नव्हती. ती नेमकी तीच निघाली, जिची मला सगळ्यात जास्त लाज वाटली होती. याचाही रागच आला.

रात्री आईने आंबिलीचं पीठ भिजवलं. ज्वारीचं पीठ ताकपाण्यात कालवून मडक्यात ठेवायचं, ते आंबलं की सकाळी उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचं. लहानपणी ते पीठ झालं की नाही हे बघायचं काम आम्हा पोरांचं होतं. मडक्याचं झाकण काढलं की असा भपकारा यायचा की कोणालाही वाटावं, नासलं, फेकून द्या. म्हणून आई आमचं नाक चिमटीत धरायची आणि बोट बुडवून जिभेवर लावायची. "मुंग्या आल्या का?" ती विचारायची. जिभेच्या कडेला बारीक चुणचुण झाली की पीठ झालं. नुसतंच आंबट लागलं तर अजून थांबायचं. कडवट लागलं तर गेलं, म्हशीला घाला. वासावर जाऊन पीठ फेकणाऱ्या पोराला मार बसायचा.

सकाळी तिने मडकं माझ्यापुढे सरकवलं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक धरून बसले आणि बोट चाटलं.

चुणचुण स्वच्छ कळली. मीठही कळलं. आंबट किती, तेही कळलं. जीभ शाबूत होती. घाण करत होतं ते फक्त नाक.

मी शिरूरला परत आले ती कण्यांची पिशवी घेऊनच. सोमवारी कँटीनमध्ये ठेकेदार येऊन बसलेला. मी आणखी एकदा भाजी फेकायला लावली होती आणि कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. बहुतेक महाराजानेच, आणि त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. चांगलं अन्न मोरीत जाताना आचारी गप्प कसा बसेल?

ठेकेदार माझ्याहून लहान आहे, कोरेगाव भीमाकडचा. मला ताई म्हणतो आणि कामाचं बोलायचं असलं की खुर्ची देतो. त्याने खुर्ची दिली.

"ताई, खरं सांगा. वास येत न्हाई ना तुम्हाला?"

"येतो. चुकीचा येतो."

"मग मी कंपनीला काय सांगू? चव बघनाऱ्या बाईची चवच गेली म्हनून?"

"चव नाही गेली. नाक गेलंय."

"त्यात काय फरक हाय?"

"आहे. नाक बंद करून बघते मी आता."

महाराज मागे कढईवर वाकला होता, पण त्याचा झारा थांबला होता. ठेकेदार म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल तक्रार न्हाई माझी. पण उन्हाळा हाय. उद्या एखाद्याला जुलाब झालं तर माझा ठेका जाईल. पुण्याचा एक मानूस हाय बघन्यात. तुम्ही भाजी-किराणा बघा, पगाराचं आपन बोलू."

पगाराचं बोलू म्हणजे काय ते मला कळतं. मी उठले. "दुपारपर्यंत थांबता का? सेकंड शिफ्टचं जेवण मी बघते, तुमच्यासमोर."

तो थांबला. जेवायचं होतंच त्याला.

सेकंड शिफ्टचं वरण सकाळीच शिजवून ठेवलेलं असतं, त्याला दुपारी फोडणी देऊन उकळी आणायची, ही आमची पद्धत. त्या दिवशी उकाडा होता आणि कोणीतरी गरम भगोण्यावर घट्ट झाकण मारून ते भट्टीशेजारीच ठेवलं होतं. महाराजाने तुपाची फोडणी दिली, हिंग, जिरं, लसूण, भरपूर. मला तो वास घुशीसारखा आला, त्याचं काही विशेष नव्हतं. रुमालाने नाक दाबलं, वाटी घेतली, घोट जिभेवर धरला.

मीठ बरोबर. आणि कडेला मुंग्या.

पुन्हा घेतला. होत्याच.

"हे काउंटरला लावायचं नाही," मी म्हणाले.

महाराजाने झारा आपटला. "लो, फिर शुरू! साहब, देखो. रोज का यही है." ठेकेदाराने वाटीत नाक घातलं. मग चमचाभर खाल्लं, चटका बसला म्हणून हा-हा केलं, पुन्हा खाल्लं.

"ताई, मस्त हाय की वो. हिंगाचा काय वास हाय!"

"हिंगाचाच वास आहे. त्या वासाखाली वरण नासायला लागलंय."

"मला तर काय लागत न्हाई."

"तुम्ही नाकानं खाताय."

"बघा, आता मी नाकानं खातो!" तो महाराजाकडे बघून हसला. महाराजही हसला. त्या दोघांचं पहिल्यांदाच जमलं.

मी ऐकलं नाही. एक वाटी वरण काढून खिडकीत ठेवलं आणि बाईला ताजी डाळ कुकरला लावायला सांगितली. ठेकेदार म्हणाला, "फेकू नका लगेच." मी म्हटलं, नाही फेकत, पण लावतही नाही. सेकंड शिफ्ट उशिरा जेवली. रांगेत बोंब झाली. ‘मावशी फिर दाल के पीछे पडी है’ असं कोणीतरी म्हणालं ते मला ऐकू आलं. त्या वेळात मी जिन्याखाली बसून माझा डबा खाल्ला. कण्या, ताक, मीठ. उकाड्याने ताक कोमट झालं होतं. कोमट पुठ्ठा गार पुठ्ठ्यापेक्षा वाईट लागतो, पण खाली उतरला.

चहाच्या वेळेला वाटीवर फेस धरला होता. बोटाने ढवळलं तर तार निघाली. महाराजाने वास घेतला आणि या वेळी डोकं मागे केलं. भगोण्याचं झाकण काढलं, आत बघितलं आणि स्वतःच उचलून मोरीकडे नेलं. जाताना मला एवढंच म्हणाला, "ढक्कन मैंने नहीं लगाया था, मॅडमजी."

"मालूम है."

ठेकेदाराने खुर्ची पुन्हा ओढली. "तुक्का असंल ताई."

"असेल. उद्या पुन्हा बघा."

तो दुसऱ्या दिवशी आला, आणि तिसऱ्याही. मला न सांगता त्याने आदल्या दिवशीची आमटी ताज्या आमटीत मिसळून माझ्यापुढे ठेवली. नाक दाबून मी ती ओळखली, आणि मला काय वाटतं ते त्याच्या तोंडावर सांगितलं. कोणाच्या जिभेवर दहा वेळा घाण ठेवून पाहणं ही काही परीक्षा नाही. तोंडात ठेवल्यावर तो कुजका वास मागून नाकात चढतोच, रुमाल कितीही दाबा. प्रत्येक वाटीला पोट ढवळतं. संध्याकाळी मी चूळ भरून भरून हिरड्या सोलून घेतल्या होत्या.

शेवटी ठरलं ते असं. वास महाराज बघणार, जीभ मी लावणार, आणि दोघं हो म्हटल्याशिवाय काउंटर उघडायचं नाही. जळकं, करपलं, खवट तेल हे माझ्या जिभेला पुरेसं कळत नाही, हे मी स्वतःच त्याला सांगितलं. पुण्याच्या माणसाचं त्याने पुन्हा काढलं नाही. पगाराचंही नाही.

पण ठेकेदार तो ठेकेदार. माझ्या डब्याची चौकशी करून झाली होती, आंबिलीचं त्याला कोणाकडून तरी कळलं होतं. म्हणाला, "ताई, आपन उन्हाळ्यात साहेब लोकांना आंबील ठेवू. मातीच्या ग्लासात. वर कोथिंबीर, जिरं. हल्ली लई चालतं हे. पारंपरिक."

ज्या ज्वारीसाठी मी शाळेत मान खाली घातली, ती आता मातीच्या ग्लासात. ज्यांनी पोळीची गुंडाळी खाल्ली त्यांच्याच पोरांसाठी, वर कोथिंबीर. दोन घोट पितील, फोटो काढतील, उरलेलं टेबलावर सोडतील आणि ते पुन्हा मीच मोरीत ओतणार.

"ठेवा," मी म्हणाले. "पण पीठ झालं का नाही ते ओळखायला माणूस लागेल."

"तुम्ही हायच की."

"मी आहे, पण भाजी-किराण्यावर नाही. माझ्या जुन्या कामावर आणि जुन्या पगारावर. हे आत्ता बोला."

तो म्हणाला, "बरं. जुनंच."

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या मुलाने वडापावचा कागद सोडला. तळणीचा आणि लसणीच्या चटणीचा वास आला तसा मी पदर तोंडावर दाबला आणि खिडकी उघडली. बाहेरून गरम वारं आणि ट्रकचा धूर आला. धूर बरा होता. शिरूर यायला अजून वेळ होता आणि घरी पोचल्यावर पहिलं काम ठरलेलं होतं, आंबिलीचं पीठ भिजवून ठेवायचं. नाहीतर सकाळपर्यंत आंबत नाही.